रेकजाविकचा आइतवार

सातवीत असताना किनवटच्या शाळेत मला एक कंपासपेटी बक्षीस मिळाली होती. युरोपातल्या सगळ्या देशांच्या राजधान्या न अडखळता जो म्हणेल त्याला ती मिळेल, असं भूगोलाच्या गुरुजींनी जाहीर केलं होतं. शेवटी आम्ही तिघे उरलो. एकजण बल्गेरियाला गळला, दुसरा आइसलंडला. मी 'रेकजाविक' म्हणालो आणि पेटी घेऊन घरी आलो. आईने ती देवासमोर ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि विचारलं, "रेकजाविक म्हणजे काय रे?"

मी म्हणालो, "राजधानी."

ती म्हणाली, "बरं."

पुढे बरीच वर्षं तो विषय निघाला नाही. मी इंजिनिअर झालो, अमेरिकेला आलो, मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात घर घेतलं. २००६ साली ग्रीन कार्ड हातात आलं आणि देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतील की नाही ही धास्ती संपली. त्याच हिवाळ्यात आई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आली होती. बाबा आले नाहीत. सायकलचं दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जातं, असं त्यांचं म्हणणं. नेमकी तेव्हाच बॉस्टनहून रेकजाविकची तिकिटं जानेवारीत स्वस्त असल्याची जाहिरात मी पाहिली.

माझी बायको वृषाली पुण्याची. तिला ओरलँडोला जायचं होतं. ती म्हणाली, "दिनकर, जानेवारीत लोक थंडीतून उन्हात जातात. थंडीतून थंडीत कोण जातं, यार?"

मी म्हणालो, "रेकजाविकला श्रूजबरीपेक्षा थंडी कमी असते." हे खरं आहे. तिने कॉम्प्युटरवर तपासलं आणि नाइलाजाने गप्प बसली. आमची मुलगी रेवा सहा वर्षांची. तिला फक्त विमानात टीव्ही असेल का एवढंच कळायला हवं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "कंपासपेटीवालं गाव ना? हौ, चल की."

व्हिसाची कथा सांगत नाही. ती सगळ्यांची सारखीच असते.

शुक्रवार

विमान पहाटे उतरलं. पहाट हा शब्द मी घड्याळाच्या भरवशावर वापरतो आहे. बसमधून गावात येताना दोन्ही बाजूंना काळा, खडबडीत, गोठलेला लाव्हा होता, पण तो दुसऱ्या दिवशी कळला. तेव्हा फक्त अंधार दिसला.

आम्ही एका पत्र्याच्या घरात खोल्या घेतल्या होत्या. इथे पत्र्याचं घर म्हणजे गरिबाचं घर नव्हे. भिंतींना लाल, निळा, हिरवा असा चकचकीत रंग दिलेला पत्रा, आणि प्रत्येक खिडकीत विजेच्या सात मेणबत्त्यांचा त्रिकोण. घराच्या मालकीणबाई सिग्रून. वय आईइतकंच, साठी ओलांडलेलं. हात सुताराचे असावेत तसे. मी आदबीने म्हणालो की लहानपणापासून मला रेकजाविक पाहायचं होतं. त्यांनी दोनदा विचारलं, काय पाहायचं होतं? मग त्यांच्या लक्षात आलं. "रेक्याविक," त्या म्हणाल्या. "जे म्हणजे य."

मी हे आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे गुरुजींनी चुकीचं शिकवलं?"

"तसं नाही. त्यांनी पुस्तकात होतं तसं शिकवलं."

"मग पेटी परत करावी लागते का?"

मी नाही म्हणालो. "मग रेकजाविकच," आई म्हणाली, आणि आम्ही परत येईपर्यंत ती तेच म्हणत राहिली.

सिग्रूनबाईंची एक लकब होती. हो म्हणताना त्या 'याउ' म्हणायच्या, पण श्वास सोडताना नव्हे, आत घेताना. कुणी अचानक पाण्यात पडल्यावर जसा श्वास घेतो तसा. दोन-तीन वेळा ऐकल्यावर आईने मला बाजूला घेऊन विचारलं, "बाईला दमा आहे का रे?" पुढे आम्हाला दुकानात, रस्त्यावर, बसच्या खिडकीपाशी अशा दम्याच्या बऱ्याच बायका भेटल्या, तेव्हा तो हो म्हणण्याचा प्रकार असल्याचं नक्की झालं.

पहिली अडचण न्हाणीघरात आली. आई आत गेली आणि तशीच बाहेर आली. "आत कुणीतरी अंडी उकडलीत." मी आत जाऊन नळ सोडला. वास नळालाच होता. हे पाणी जमिनीतून गरमच येतं, त्यात गंधक असतं आणि ते तसंच घराघरांत नळाने देतात, असं मी वाचलं होतं. ते सांगितल्यावर आईने पुन्हा एकदा वास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "अगं बाई, हे तर उनकेश्वर."

किनवटपासून जवळच उनकेश्वराची गरम पाण्याची कुंडं आहेत. रामाने बाण मारून ते पाणी काढलं अशी कथा आहे. अंगाला काही झालं की आमच्याकडे माणसं तिथे आंघोळीला जातात. लहानपणी मला खरूज झाली तेव्हा आईने आठवडाभर मला तिथे नेऊन बुचकळलं होतं. आता तेच पाणी नळाला, तोटी फिरवली की. आई पाऊण तासाने बाहेर आली. नाकाने नाही म्हटलेली वस्तू एका आठवणीने सोवळी होते, हे मी तिथे पाहिलं.

आंघोळीनंतर ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. नाश्त्याची वेळ कधीच टळून गेली होती आणि बाहेर दिवे जळत होते.

"दिनू, नारायण कधी उगवतो इथे?"

मी म्हणालो, "अकराच्या पुढे. आणि चारला मावळतो."

"आणि परवा आइतवार आहे."

"हो."

"पौषातला."

इथे मला थोडं खुलासेवार सांगितलं पाहिजे. पौष महिन्यातल्या रविवारी आमच्याकडे बायका सूर्याचा उपास करतात. रीत घरोघरी वेगळी असते. आईची अशी: सूर्य डोळ्यांनी पाहायचा, त्याला अर्घ्य द्यायचं, तोवर तोंडात पाणीसुद्धा घालायचं नाही, आणि तो मावळायच्या आत एकदाच अळणी जेवायचं. मी इंजिनिअरिंगला औरंगाबादला गेलो त्या वर्षी तिने हे धरलं. आमच्या घरात तोवर दहावीपुढे कुणी गेलं नव्हतं. तेव्हापासून तिचा एकही रविवार चुकला नव्हता. अंगात ताप असतानाही नाही, मामांच्या मयताच्या घाईतही नाही. श्रूजबरीला तर प्रश्नच नव्हता, सूर्य स्वयंपाकघराच्या खिडकीतच यायचा.

मला राजधानी पाठ होती. पृथ्वीचा कललेला आसही त्याच पुस्तकात, पुढच्याच धड्यात होता. तिकिटं काढताना मला पहिला धडा आठवला, दुसरा नाही.

"नाही दिसला तर?" मी विचारलं.

"तर सोमवारी जेवीन," आई म्हणाली. "पण मग खंड पडेल."

ती आवाज न चढवता बोलली. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिला रक्तदाबाची गोळी जेवल्यावर घ्यावी लागते, हे मला त्याच वेळी आठवलं.

त्या दिवशी दुपारी सूर्य निघाला की नाही, सांगता येत नाही. आकाश काळ्याचं करडं झालं, दुकानं दिसू लागली, आणि आम्ही ती पाहत असतानाच करड्याचं परत काळं झालं. एका दुकानात रेवा वाळवलेल्या माशाच्या पाकिटाला चिप्स समजली. वृषालीने ते लगेच परत ठेवायला लावलं. शेजारच्या कपाटात 'स्किर' नावाचा डबा होता. आईने चमचाभर चाखला, जीभ टाळूला लावली आणि निकाल दिला, "चक्का आहे. चांगला टांगलाय." मी सिग्रूनबाईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या की स्किर हा आइसलंडचा खास पदार्थ, जगात दुसरीकडे मिळत नाही. मी हे आईला सांगितलं नाही. आईने काय म्हटलं ते त्यांनाही सांगितलं नाही.

शनिवार

सकाळी तळ्यावर गेलो. गावाच्या मधोमध तळं आहे. सगळं गोठलेलं, फक्त एका कोपऱ्यात बदकांसाठी गरम पाणी सोडून ठेवतात. त्या कोपऱ्यात बदकं आणि हंस इतक्या दाटीने उभे होते की रेवा म्हणाली, "डॅडी, दे आर हॅविंग अ मीटिंग."

मी मात्र आकाशाकडे पाहत होतो. दुपारच्या सुमारास दक्षिणेकडे ढगांच्या मागे एक पिवळसर डाग दिसला, कापडावर तेल सांडल्यासारखा. मी आईला दाखवला.

"हा दक्षिणेला का उगवलाय?"

"इथे हिवाळ्यात दक्षिणेलाच उगवतो. थोडा वर येतो आणि तिथेच जवळपास मावळतो."

दक्षिण ही यमाची दिशा. आमच्याकडे तिकडे पाय करून झोपत नाहीत. मला वाटलं, आता संपलंच. आई थोडा वेळ त्या डागाकडे पाहत राहिली. "त्याच्या मनात येईल तिथून येईल," ती म्हणाली. "मी कोण सांगणारी?"

"हा डाग उद्या चालेल का?" वृषालीने विचारलं. तिलाही आता काळजी लागली होती, पण ती काळजी थट्टेतून दाखवते.

"डाग नाही चालत. गोल पाहिजे."

"आई, मग पेपरात उगवायची वेळ दिलेली असते. ती झाली की उगवला असं धरायचं."

"पेपरात तर काय काय येतं."

"बरं, मग तुमचा मुलगाच घ्या. दिनकर म्हणजे सूर्यच की. याला दोन तांबे घाला डोक्यावर आणि जेवून घ्या."

आईने माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "नावाचा नाही चालत. आपल्या गल्लीत भास्कर आहे, तो तर दुपारी उठतो."

संध्याकाळी सिग्रूनबाई आम्हाला होळी पाहायला घेऊन गेल्या. त्यांच्याकडे नाताळ बरेच दिवस चालतो आणि शेवटच्या दिवशी लाकडांचा ढीग पेटवून त्याला निरोप देतात. उरलेले फटाकेही त्याच दिवशी उडवतात. मैदानात माणसं, पोरं, कुत्री, सगळे जाळाकडे तोंड करून उभे होते. कुणी बोंब मारत नव्हतं, एवढाच फरक. "पौषातच होळी," आई म्हणाली. तिला ते गैर वाटलं नाही. लवकर वाटलं.

जाळाच्या उबेत मी तिला बरेच दिवस मनात असलेलं विचारलं. "आई, तू हे माझ्या शिक्षणासाठी धरलं होतंस ना? मी पास झालो, नोकरी लागली, घर झालं. आता कशाला?"

"का बरं? काम झाल्यावर माणसाला ओळख दाखवायची नाही का?"

मी टोपी कानांवर ओढली.

"किनवटच्या बँकेतला साहेब आठवतो? तुझ्या शिक्षणाच्या कर्जावर सही केली त्याने. तुझे बाबा अजून दिवाळीला त्याच्या घरी चिवडा नेऊन देतात. रिटायर झाला तरी. तो म्हणतो, आता कशाला? हे म्हणतात, आताच तर." तिने जाळाकडे हात केले. "मागायला तर कुणीही जातं."

सिग्रूनबाईंनी विचारलं, काय बोलणं चाललंय? मी शक्य तेवढं इंग्रजीत सांगितलं. उपास, सूर्य, ओळख. मला वाटलं त्या हसतील. त्या म्हणाल्या, "ती कुठे उभी राहणार आहे?"

मग कळलं की त्या पश्चिमेकडच्या, डोंगरांनी वेढलेल्या एका खाडीतल्या गावच्या. तिथे हिवाळ्यात सूर्य डोंगराच्या वर येतच नाही, दोन महिने. तो पहिल्यांदा कड्यावरून डोकावतो त्या दिवशी घरोघर पातळ गोड धिरडी करतात आणि कॉफी पितात. त्याला सूर्याची कॉफी म्हणतात. लहानपणी त्यांच्या आईने पीठ भिजवून ठेवलं आणि ढग आले तर? मी विचारलं. "तर पीठ तसंच राहायचं," त्या म्हणाल्या. "ढगाला कॉफी देत नाहीत."

मी हे आईला सांगितलं. आईने सिग्रूनबाईंकडे पाहून मान हलवली. सिग्रूनबाईंनी श्वास आत घेऊन "याउ" केलं. त्यानंतर त्या दोघींना माझी फारशी गरज लागली नाही.

आइतवार

आई अंधारात उठली, उनकेश्वराच्या पाण्याने न्हाली, आणि पाट नसल्यामुळे खिडकीत पुठ्ठ्याच्या खोक्यावर ताम्हण, तांब्या, रक्तचंदन, अक्षता मांडून बसली. बाहेर गारठलेला पाऊस पडत होता. पाऊस आणि बर्फ यांच्यापैकी नक्की काय व्हायचं हे त्याचं ठरलेलं नव्हतं.

अकरा वाजून गेले. अंधाराचा राखी उजेड झाला. स्वयंपाकघरात सिग्रूनबाईंचा एक मोठा पांढरा दिवा होता, हिवाळ्यात मन उदास होऊ नये म्हणून लोक सकाळी त्याच्यासमोर बसतात. वृषालीने तो आणून आईसमोर ठेवला आणि बटण दाबलं. आईने तो सगळ्या बाजूंनी पाहिला. "दिवा चांगला आहे," ती म्हणाली.

बारा वाजता मी जाहीर केलं की मी गाडी भाड्याने घेतो आणि ढग जिथे संपतात तिथे आईला नेतो. मी नकाशाही उघडला. सिग्रूनबाईंनी तो मिटला. "ढग तुमच्या गाडीपेक्षा वेगाने जातात. तुम्ही इथून तिथे जाल आणि भोक तिथून इथे येईल. एका जागी थांबायचं. दक्षिण मोकळी असेल अशा जागी. आणि थांबायचंच तर गरम पाण्यात थांबावं."

गावोगावी इथे उघडे पोहण्याचे तलाव आहेत आणि त्यांच्या कडेला गरम पाण्याची छोटी कुंडं. भर हिवाळ्यात माणसं त्यात गळ्यापर्यंत बसून राजकारण बोलतात. आईला विचारलं, चालेल का? पाणी प्यायचं नाही, पण पाण्यात उभं राहायला बंदी नाही ना?

"पाण्यात उभं राहूनच तर देतात," आई म्हणाली. "पैनगंगेत नाही का उभ्या राहायचो आम्ही?"

ताम्हण आणि तांब्याची पिशवी मी घेतली. ती माझी जबाबदारी होती.

तलावाच्या दाराशी बायका एकीकडे आणि पुरुष एकीकडे जातात. पुढे काय असतं याची मला कल्पना नव्हती. पुरुषांच्या बाजूला भिंतीवर एका माणसाचं चित्र होतं, आणि त्याच्या अंगावर चार ठिकाणी लाल गोल. डोकं, काखा, पाय, आणि चौथं ठिकाण. तिथे साबण लावून, काहीही न नेसता, सगळ्यांदेखत आंघोळ करायची, आणि मगच पोहण्याची चड्डी घालून बाहेर जायचं. चित्राखाली पिवळा सदरा घातलेले एक धिप्पाड आजोबा खुर्चीवर बसले होते. आंघोळी तपासणं हेच त्यांचं काम होतं.

मी पिशवी कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग कोपऱ्यात जाऊन, भिंतीकडे तोंड करून, चड्डीसकट आंघोळ केली. आमच्या घरी, नदीवर, हॉस्टेलवर, सगळीकडे मी अशीच आंघोळ केली आहे. दाराशी आजोबांनी हात आडवा केला.

"आत काय आहे?"

"अंडरवेअर," मी म्हणालो. पोहण्याच्या चड्डीच्या आत मी ती घातली होती.

"का?"

मी परत गेलो.

दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "साबण?" मी म्हणालो, लावला. त्यांनी चित्रातल्या चौथ्या गोलावर बोट ठेवलं. मी पुन्हा परत गेलो. शेजारी एक तरुण, जन्मला तेव्हा होता तसा, डोक्याला फेस लावून गाणं गुणगुणत होता. मी साबणाच्या नळीखाली हात धरला आणि मनाशी म्हणालो, आईसाठी.

तेव्हा भिंतीच्या वरच्या काचेच्या पट्टीतून उजेड आत आला. माझ्या हातावरचा फेस पांढऱ्याचा पिवळा झाला. क्षणभर मी नुसता त्या फेसाकडे पाहत राहिलो. मग कळलं. मी चड्डी ओढली, दाराकडे धावलो, आणि आजोबा म्हणाले, "धावायचं नाही." मी चाललो. दार उघडलं. बाहेर वाफ होती, आणि वाफेपलीकडे आकाश पुन्हा राखी होत होतं. ढगांची शेवटची कड तेवढी थोडा वेळ पिवळी राहिली आणि विझली.

"डॅडी! यू मिस्ड इट!" कुंडातून रेवा ओरडली. "आजीने सनला पाणी दिलं! थ्री टाइम्स!"

झालं होतं ते वृषालीने सांगितलं. मला वाटलं होतं की आई बायकांच्या बाजूला अडेल. अडली होती वृषाली. ती टॉवेल गुंडाळून अर्धा तास उभी होती. आईने लुगडं सोडलं, साबण लावला आणि तिला म्हणाली, "बायकाच तर आहेत. नदीवर काय वेगळं असतं?" मग दारावर भाड्याने मिळालेला काळा पोशाख घातला आणि "पोलक्यासारखाच आहे, खाली जरा कमी आहे" एवढं म्हणून बाहेर निघाली. आंघोळ करायला लावल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत, ही या देशाची तिला सगळ्यात पटलेली गोष्ट होती.

कुंडात दोन म्हातारे कशावरून तरी भांडत बसले होते. ढग फाटला आणि समुद्राच्या वर, हाताच्या उंचीवर, सूर्य दिसला. पुरता गोल. आई कमरेइतक्या पाण्यात उभी राहिली. दोघांपैकी एक म्हातारा तिच्या आणि सूर्याच्या मध्ये येत होता. त्याला कुणी काही सांगितलं नाही. तो बाजूला सरकला आणि भांडण थांबलं. आईने ओंजळ भरून तीन वेळा अर्घ्य दिलं. ताम्हण नव्हतं, तांब्या नव्हता, ते सगळं माझ्या कपाटात कुलूपबंद होतं. सिग्रूनबाई डोळे मिटून तोंड वर करून उभ्या होत्या. मग ढग मिटला.

मी कुंडात उतरलो. आईचा चेहरा वाफेने लाल झाला होता आणि कुंकू विरघळून नाकापर्यंत आलं होतं.

"झालं," ती म्हणाली. "आला, ओळख दाखवली, गेला." मग माझ्याकडे वळून, "तू कुठे होतास?"

"साबण लावत होतो."

"अजून?"

बाजूला सरकलेला म्हातारा सिग्रूनबाईंना काहीतरी म्हणाला. त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं, "तो विचारतोय, उद्या येणार का? उद्याही ढगाळ आहे म्हणे."

मी आईला सांगितलं.

"उद्या सोमवार आहे, सांग त्याला," आई म्हणाली.

घरी येऊन सिग्रूनबाईंनी पीठ भिजवायला घेतलं. आईच्या अटी मी सांगितल्या: अंडं नको, मीठ नको. "मग राहिलं काय?" त्यांनी विचारलं. "पीठ," मी म्हणालो. पहिली तीन धिरडी तव्यावरच फाटली. चौथ्याला आईने त्यांच्या हातून उलथणं घेतलं, पीठ आणखी पातळ केलं, आणि आमच्याकडे धिरडं घालतात तसं कडेकडून ओतत आणलं. ते सुटलं. सिग्रूनबाईंनी ते उजेडापुढे धरून पाहिलं आणि श्वास आत घेतला. स्किरमध्ये साखर आणि आईच्या पुडीतली वेलची घालून श्रीखंड झालं. आईने सूर्याच्या नावाने पान खिडकीत ठेवलं, थोड्या वेळाने उचललं, आणि सूर्य मावळायच्या आत जेवून गोळी घेतली. सिग्रूनबाईंनी आमच्यासाठी कॉफी केली. सूर्याची कॉफी जानेवारीच्या इतक्या सुरुवातीला त्या आयुष्यात पहिल्यांदाच पीत होत्या, असं त्या म्हणाल्या.

संक्रांतीनंतर श्रूजबरीला आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायकांना आम्ही आइसलंडला जाऊन आल्याचं कळलं होतं. रात्रीच्या आकाशात हिरवे पडदे हलतात, ते पाहायला लोक तिथे जातात, हे सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला ते दिसले नव्हते. रोज रात्री ढग होते.

"मग मावशी, काय पाहिलंत तिथे?" एकीने आईला विचारलं.

तिळगूळ वाटता वाटता आई म्हणाली, "सूर्य."

बाई हसल्या. "अहो, तो तर इथेही आहे."

"हा होय," आई म्हणाली, आणि खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. "हा काय, रोज येतो."